हौसबागेतलं रिकामं मडकं

विश्वास कोणावर ठेवावा, मंडळी? दारात येऊन 'वाहवा, वाहवा' ओरडणाऱ्यावर, की कोपऱ्यात गुपचूप बसून उठताना 'येतो परत' म्हणणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. एका कापडवाल्यानं अशी घाई केली होती. त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक रोज यायचं, दहा ठाणं उलगडायला लावायचं, 'काय पोत, काय रंग!' म्हणून सगळी आळी गोळा करायचं आणि हात हलवत निघून जायचं. दुसरा एक म्हातारा महिन्यातून एकदा यायचा, घडवंचीवर घटकाभर टेकायचा, दोन पंचे घ्यायचा आणि जायचा. कापडवाल्यानं पहिल्यासाठी गादी घातली आणि तिला जागा हवी म्हणून म्हाताऱ्याची घडवंची काढून टाकली. पुढचं तुम्हीच ओळखा. पण त्या बिचाऱ्याचं एक दुकानच गेलं. आता ज्याच्या हाती अख्ख्या राज्याची हौस होती, अशा माणसाची गोष्ट ऐका.

गावांना वेशी होत्या पण वेशींना दारं नव्हती, आणि बैल माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. बोलत असत खरे, पण सगळ्यांशी नाही. ज्याला ऐकायला सवड असेल त्याच्याशीच.

एका राजाच्या नगराबाहेर हौसबाग नावाची बाग होती. राजाच्या आजोबांनी ती रयतेच्या करमणुकीसाठी उभारली होती. तिथं उंच पाळणे होते, गरगर फिरणारी चक्री होती, माणसाला एकदा ताडासारखं आणि एकदा भोपळ्यासारखं दाखवणारं आरसेघर होतं. पंचक्रोशीतली माणसं गाड्या जोडून, दशम्या बांधून, सगळं घर बरोबर घेऊन यायची आणि दिवेलागणीपर्यंत हुंदडायची.

या सगळ्याच्या मधोमध एक तळं होतं. तळ्यात एक बसकी नाव. नावेला दोर, दोराला बैल. बैल काठाकाठानं चालायचा आणि त्याच्यामागून नाव पाण्यात सरकत जायची. बैलाचं नाव हरण्या आणि चाल गोगलगायीची. ओंजळभर शेंगा सोलून सावकाश खाव्यात, तेवढ्या वेळात एक फेरी व्हायची. तळ्याभोवती करंजाची जुनी झाडं होती, त्यांची सावली भर उन्हाळ्यातही ओली वाटायची. नाव सांभाळायला एक म्हातारी होती, तिला राजासकट सगळे आत्या म्हणत.

त्या नावेत काही म्हणजे काही घडत नसे. आजोबा पाय पाण्यात सोडून बसत. लेकुरवाळ्या बाया बाळाला मांडीवर घेऊन काठाशी टेकत. नवी सासू आणि नवी सून एका फळीवर बसून एकमेकींकडे न बघता दोन फेऱ्या मारत आणि तिसऱ्या फेरीला शेंगा वाटून घेत. बस, एवढंच.

बागेच्या कारभाऱ्याच्या पायाला मात्र भिंगरी होती. त्याच्या चपला महिन्याभरात झिजत. तो जेवायला बसला तरी गुडघा हलायचा, झोपला तरी अंगठा हलायचा. माणूस हुशार, कष्टाळू, हाताचा स्वच्छ. पण एखादी गोष्ट कालच्या जागी आज दिसली की तो ती उचलून दुसरीकडं ठेवायचा.

एकदा राजानं त्याला विचारलं होतं, "बागेत रयत खूश असते, हे मला इथं सिंहासनावर कसं कळावं?"

कारभाऱ्यानं एक रात्र विचार केला आणि तोड काढली. माणसाला आनंद झाला की माणूस ओरडतो. मग आरोळ्या मोजाव्यात! त्यानं प्रत्येक खेळापाशी एक मडकं ठेवलं, मडक्यापाशी एक मोजणीदार बसवला आणि त्याला पोतंभर चिंचोके दिले. एक आरोळी ऐकू आली की मडक्यात एक चिंचोका. मडकं भरलं की बाजूला ठेवून दुसरं आणायचं, आणि दसऱ्याला सगळी मडकी राजापुढं मांडायची. राजा खूश झाला. असं माप आजवर कोणाला सुचलं नव्हतं.

पाळण्यांची मडकी महिन्याला चारदा भरायची. आरसेघराचं दोनदा. तळ्यापाशीही एक मडकं होतं. वर्षभरात त्यात सात चिंचोके पडले, तेही एक जाडजूड सावकार नावेतून पाण्यात पडला त्या दिवशी. तळ्याचा मोजणीदार मडक्याला पाठ टेकून झोपायचा. त्याची कधी कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची तरी ओरडावं लागतं.

असं चाललं होतं. मग एका दसऱ्याला सेनापती पुढं आला. "महाराज, शेजारच्या राज्यात नवा झोका आला म्हणे, ढगाला पाय लागतात. आपल्या बागेत तेच ते जुनं. त्यापेक्षा ती जागा मला द्या, माझे हत्ती उन्हात उभे असतात."

राजानं कारभाऱ्याकडं पाहिलं. "पुढच्या दसऱ्याला मडकी दुप्पट भरली पाहिजेत. भरली तर मानाचा शेला तुझा. नाही भरली तर बाग हत्तीखान्याला."

कारभारी घरी गेला तो पायांनी नव्हे, धापांनी. बाग गेली तर पाळणेवाले, बाहुलीवाले, पेढेवाले, साठ घरांची चूल विझणार होती. आणि त्याची स्वतःची? बागेशिवाय तो कोण होता?

आठवड्याभरात देशोदेश फिरलेला एक कारागीर कागदाची लांब गुंडाळी घेऊन आला. गुंडाळी उलगडली तशी कारभाऱ्याचा गुडघा थांबला. असा गगनझोका त्यानं स्वप्नातही पाहिला नव्हता. वीस माणसं एकदम वर, वीस एकदम खाली.

"जागा कुठं द्यायची?" कारभाऱ्यानं विचारलं.

"मला उंची कळते, जागा कळत नाही," कारागीर म्हणाला. माणूस सरळ होता. "मागं गवताचं रान पडलंय, तिथंही बसेल."

"मागं? राजाची स्वारी पुढच्या दारानं येते. झोका मधोमध हवा." कारभाऱ्यानं बागेवरून नजर फिरवली. पाळणे भरलेले. आरसेघर भरलेलं. मधोमध तेवढं तळं, आणि त्याचं मडकं रिकामं. "ही घ्या जागा. इथं कोणाला काही आनंद होत नाही. माझ्याकडं माप आहे."

तो आत्याकडं गेला. आत्या नावेतलं पाणी करवंटीनं उपसत होती.

"आत्या, तळं बुजवायचं ठरलंय."

"बरं," आत्या म्हणाली. "आणि माणसं कुठं बसायची?"

"बसायची कशाला? बसायला घरं आहेत की! बागेत येतात ती मौजेला."

"अरे, तू लहान होतास तेव्हा तुझी आई तुला घेऊन इथंच बसायची. दुपारभर मांडीवर घोरायचास."

"झोपेतलं मला काय आठवणार, आत्या?"

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली आणि पाणी उपसू लागली. जरा वेळानं तिनं मान वर केली. "तुझ्या मडक्याला कान आहेत, बाबा. डोळे नाहीत."

कारभारी हसला. "म्हातारपणी सगळ्यांनाच जुनं गोड लागतं. नाव तू घेऊन जा, चुलीला होईल. बैलही ने."

हरण्यानं रवंथ थांबवला, तोंड उघडलं. तो काहीतरी बोलणार होता. पण कारभारी तोवर वीस पावलं पुढं गेला होता.

तळं बुजवायच्या आदल्या दिवशी माणसांची रीघ लागली. माणसं आली, नावेत बसली, उतरली, पुन्हा काठावर उभी राहिली. कोणी करंजाच्या बुंध्यावरून हात फिरवला. एका म्हाताऱ्यानं तळ्याचं पाणी तांब्यात भरून घेतलं. संध्याकाळी कारभाऱ्यानं मडक्यात डोकावून पाहिलं. एकही चिंचोका नव्हता.

"बघ," तो मोजणीदाराला म्हणाला, "एवढी माणसं आली आणि कोणी हूं का चूं केलं नाही. कोणाला काही वाटत असतं तर ओरडले नसते का?"

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालल्या. झोक्याचे दोर अडकायला नकोत म्हणून करंज गेले, मग माती पडली. दोन महिन्यांत गगनझोका उभा राहिला, त्याच्या शेजारी तोफेसारखी वाजणारी घसरगुंडी आली, तिच्या शेजारी अंधारी गुहा. पहिल्या दिवशी मोजणीदारांना चिंचोके पुरले नाहीत, मूठमूठ उसने आणावे लागले. कारभारी मडक्यांमधून नुसता धावत होता. आपलं चुकलं नाही, आपलं चुकलं नाही, असं त्याच्या चपला म्हणत होत्या.

महिन्यांमागून महिने गेले, पुढचा दसरा जवळ आला. मडकी भरतच होती, पण कारभाऱ्याला झोप लागेना. काय बिनसलंय ते समजेना, पण दाताखाली खडा आल्यासारखं होई. एक दिवस पेढेवाला त्याच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"कारभारी, संध्याकाळचे पेढे रोज परत नेतोय. घरची पोरं पेढे बघून तोंड फिरवायला लागलीत."

"खोटं! मडकी बघ, काठोकाठ आहेत."

"मग मडक्यांना पेढे विका," पेढेवाला म्हणाला आणि पाटी डोक्यावर घेऊन गेला.

कारभारी बागेच्या दाराशी देवडीवर गेला आणि गाड्यांची चौकशी केली. देवडीवाला तंबाखू मळत होता. "गाड्या ना? येतात तेवढ्याच, साहेब. पण पूर्वी दिवे लागल्यावर परतायच्या. हल्ली ऊन डोक्यावर आलं की जुंपतात. मी म्हटलं, नवीन पद्धत असेल."

माणसं अर्ध्या दिवसात जातात आणि आरोळ्या दुप्पट? कारभाऱ्याचं डोकं चालेना. त्यानं गगनझोक्यापाशी जाऊन मोजणीदाराच्या मागं उभं राहून पाहिलं. झोका वर गेला, पोरं किंचाळली, चिंचोके पडले. ठीक. मग एक तीन वर्षांची पोर आईचा पदर ओढत हंबरडा फोडून रडू लागली, "घरी चल! घरी चल!" मोजणीदारानं शांतपणे एक चिंचोका टाकला. तेवढ्यात एक बाई घाबरीघुबरी होऊन ओरडत आली, "मामंजी! अहो, आमचे मामंजी कोणी पाहिलेत का? उन्हात कुठं बसलेत की पडलेत!" आणखी एक चिंचोका.

"अरे, हे काय करतोस?" कारभारी गरजला.

मोजणीदारानं दचकून एक चिंचोका त्याच्याही नावानं टाकला. "आरोळी ती आरोळी, साहेब. कसली ते बघायला तुम्ही कधी सांगितलं नव्हतं."

कारभारी तिथून निघाला तो थेट रस्त्यावर. भर दुपारी एक गाडी बागेतून बाहेर पडत होती. गाडीत दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं आणि मधोमध एक आजी. नातवंडं मुसमुसत होती. त्यांना अजून खेळायचं होतं.

"आजी, इतक्यात का निघालात? झोका आवडला नाही का?"

"झोका झकास आहे हो," आजी म्हणाली. "मी खालून बघितला. उभ्यानं बघितला. मग कंबर म्हणाली, आता घरी. पूर्वी ही पोरं तिकडं उड्या मारायची आणि मी तळ्याकाठी पडायची. दिवस सरायचा. आता टेकायला सावली नाही." तिनं गाडीवानाला खूण केली. "गाडी एकच आहे, बाबा. माझी कंबर निघाली की सगळं घर निघतं."

कारभारी गाडीमागून चालू लागला. का, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पाव कोसावर नदीला एक वळण होतं. तिथं सात-आठ गाड्या सुटलेल्या दिसल्या. वडाखाली माणसं बसली होती. आणि नदीच्या संथ डोहात, दोराला बांधलेली, तीच बसकी नाव सरकत होती. आत्यानं ती चुलीत घातली नव्हती.

"ये," आत्या म्हणाली. फार दिवसांनी घरचं माणूस आल्यासारखी. "बस."

तो बसला. गुडघा हलत होता. नाव निघाली. आत्यानं त्याच्या ओंजळीत शेंगा टाकल्या. तो सोलू लागला. शेंगा निम्म्या झाल्या आणि गुडघा थांबला. शेंगा संपल्या आणि काठावरून आवाज आला.

"त्या दिवशी बोलणार होतो," हरण्या म्हणाला.

"काय बोलणार होतास?"

"हेच, की मी नाव ओढतो असं तुला वाटायचं. मी बाग ओढत होतो. पाळणे, चक्री, पेढे, सगळं. माझ्या एका दोराला सगळं बांधलेलं होतं. दोर तोडलास."

कारभाऱ्यानं टरफलं मुठीत गोळा केली. "मी मोजलं होतं रे," तो हळूच म्हणाला.

"मोजलं होतंस. विचारलं नव्हतंस."

दसरा चार दिवसांवर होता. त्या चार दिवसांत कारभाऱ्याला जो छळ झाला तो शत्रूलाही नको. मडकी दुप्पट नव्हे, तिप्पट भरली होती. काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं, म्हणजे बाग वाचत होती, साठ घरं वाचत होती, खांद्यावर शेला पडत होता. खोटा चिंचोका त्यात एकही नव्हता, प्रत्येक चिंचोक्यामागं खरी आरोळी होती. आणि तोंड उघडलं तर पुढं सेनापतीचे हत्ती उभे. तो देवडीपर्यंत जायचा आणि परत यायचा, परत यायचा आणि जायचा. त्यानं चार दिवसांत चपलांचा एक जोड झिजवला.

दसऱ्याला राजा आला. मडक्यांची रांग पाहून त्याचे डोळे विस्फारले. "शाबास! शेला आणा."

शेला आला. सेनापतीचा चेहरा उतरला. शेला खांद्याला लागणार, एवढ्यात कारभारी खाली वाकला, पहिलं मडकं उचललं आणि जमिनीवर पालथं केलं. मग दुसरं. मग तिसरं. चिंचोक्यांचा ढीग झाला.

"हे काय, वेड लागलं का तुला?"

"महाराज, यातले हसण्याचे किती आणि रडण्याचे किती, मला सांगता येत नाही. म्हणजे हे माप नव्हे. माणसं दुपारी परततात. तळ्याचं मडकं रिकामं होतं म्हणून मी तळं मोडलं. माणसं थांबत होती ती त्या तळ्यामुळं. चूक कारागिराची नाही, मोजणीदाराची नाही. माझी."

सेनापती खदखदून हसला. "म्हणजे जागा हत्तींना!"

मोजणीदाराचा हात सवयीनं चिंचोक्याकडं गेला, पण त्यानं तो मागं घेतला.

राजानं ढिगातला एक चिंचोका उचलून पाहिला. मग म्हणाला, "माझे आजोबा मला त्या नावेत घेऊन बसायचे. तळं बुजल्याचं ऐकलं तेव्हा मीही ओरडलो नव्हतो." तो सेनापतीकडं वळला. "हत्तींना मागचं गवताचं रान द्या, अर्धं. उरलेल्या अर्ध्यात गगनझोका न्या. झोका चांगला आहे, जागा चुकली होती. मधली माती उपसा." आणि कारभाऱ्याकडं बघून म्हणाला, "शेला तुला मिळणार नाही. तुला शिक्षा आहे. तळ्यावर पूर्वीसारखी सावली पडेपर्यंत तूच कारभारी. तोवर सुटका नाही."

तळं एका महिन्यात खोदून झालं. पाणी एका पावसाळ्यात भरलं. आत्या आणि हरण्या नाव घेऊन परत आले. पण करंज काही हुकमानं वाढत नाहीत. पहिली काही वर्षं माणसं डोक्यावर पंचे आणि पदर घेऊन नावेत बसली. कारभारी रोज सकाळी रोपांना पाणी घालायचा. एका जागी उभा राहून, सावकाश, कारण रोपाला घाईनं घातलेलं पाणी वाहून जातं. मडकी त्यानं सगळी फोडली, एक ठेवलं, आणि ते देवडीवर नेऊन ठेवलं. दिवे लागेपर्यंत जी गाडी थांबली, तिचा एक चिंचोका. बस.

आत्यानं ती सावली पाहिली नाही. हरण्यानंही नाही, त्याच्या जागी आलेल्या तरण्या बैलाच्या मानेवर आता दोर होता. सत्ताविसाव्या वर्षी एका दुपारी कारभारी नावेत बसला होता. केस पांढरे, गुडघा स्थिर. नाव काठाजवळून सरकली आणि त्याच्या हातावर पानांची नक्षी पडली. त्यानं हात मागं घेतला नाही. शेजारी एक बाई बाळाला थोपटत होती. बाळ झोपलं होतं. त्याला यातलं पुढं काहीच आठवणार नव्हतं.

कारभारी ओरडला नाही.

तात्पर्य एवढंच: गाजतं ते सगळ्यांना ऐकू येतं, पण थांबवून धरणारं गप्प असतं, म्हणून मोडण्याआधी गप्प असणाऱ्याला विचारावं, कारण तळं महिन्यात खोदता येतं, सावली नाही.

आणि मंडळी, तुमच्याही घरी, शेतात, दुकानात एखादं मडकं असेलच. त्यात किती पडतं ते मोजा, पण ते कशाचं पडतं तेही बघा, आणि रिकामं दिसलं तर लाथ मारण्याआधी जरा तिथं बसून पाहा. हिशेब ठेवाल तो खरा ठेवा, एवढीच विनंती.